चांद्याची टिटवी

चंद्रपूरला बाहेरगावचा माणूस हल्ली जातो तो बहुधा ताडोबाच्या वाघासाठी, नाहीतर महाकालीच्या दर्शनासाठी. आम्ही गेल्या मार्गशीर्षात गेलो ते एका पेटीसाठी. आमचे धाकटे काका वनखात्यात अधिकारी होते. वय सत्त्याऐंशी. ते अजून पोस्टकार्डच लिहितात. कार्डावर चारच ओळी होत्या : “वाडा विकण्याचे ठरले. माळ्यावरचा सेट भंगारवाला किलोच्या भावाने मागतो आहे. जाण्यापूर्वी एकदा तो बोलता व्हावा असे मनात आहे. नात तयार आहे. तू अल्लापल्लीस जाऊन ऐकशील तर बरे.” खाली काकूंच्या हातची एक ओळ : “येताना जाड गंजिफ्रॉक आण, त्यांना येथले मिळत नाहीत.” कार्ड वाचून आम्ही त्याच आठवड्याचे तिकीट काढले.

काकांचा वाडा पठाणपुरा वेशीच्या आत आहे. चंद्रपूरचा हा परकोट गोंड राजांनी बांधला. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अचलेश्वर या त्याच्या चार वेशी आजही उभ्या आहेत. आमच्या लहानपणी वडीलधारी माणसे गावाला ‘चांदा’च म्हणत. तेव्हाचे चांदा म्हणजे सागवानाच्या गाड्या, रेशमी वस्त्रांचे ठाण आणि ज्येष्ठातली होरपळ. आता सभोवती कोळशाच्या खाणी आहेत आणि औष्णिक वीज केंद्राची धुराडी दुरूनच गावाची ओळख पटवितात. त्या केंद्रात हजारो मेगावॉट वीज होते. आम्ही ज्या यंत्रासाठी आलो होतो, त्याला दीडदोनशे वॉट पुरत होते. आणि तेवढ्यासाठी पंधरा दिवस तिघे माणसे राबणार होती, याचे काकूंना राहून राहून हसू येई.

पेटी म्हणजे हौशी बिनतारी प्रक्षेपक. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी एके काळी रेडिओ असेलच. पण तो ऐकणारा रेडिओ. बोलणारा रेडिओ घरी ठेवावयाचा तर सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. हा छंद आपल्याकडे जुना आहे. १९२१ साली कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी तो प्रथम आरंभिला असे मानतात. १९३९ मध्ये महायुद्ध पेटताच सरकारने हौशी मंडळींची तोंडे बंद केली आणि यंत्रे ताब्यात मागितली. तरीही १९४२ च्या ऑगस्टात मुंबईत उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. तो ४२.३४ मीटरांवर बोले, दर काही दिवसांनी जागा बदली आणि १२ नोव्हेंबरच्या धाडीपर्यंत टिकला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेवरच्या रानातून गोव्याला स्वातंत्र्याचा आवाज ऐकविला, तो १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत. हे दोन्ही उद्योग कायद्याबाहेरचे व देशासाठी. काकांचा उद्योग कायद्यातला व निव्वळ हौसेचा. मात्र त्यांचा गारेचा स्फटिक ७,०५० किलोसायकलचा, म्हणजे साडेबेचाळीस मीटरांचा. उषाबेनच्या लहरीचे शेजारघरच ते. तरुणपणी काका हे अभिमानाने सांगत, जणू त्या घरावरून आपले जाणेयेणे होते.

हा सेट काकांनी विद्यार्थिदशेत जोडला. युद्धानंतर लष्कराचे निरुपयोगी सामान लिलावात निघे. शिकवणीच्या पैशांतून त्यांनी ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह आणि पितळी खटका घेतला. पुढे १९६० च्या दशकात त्यांची नेमणूक अल्लापल्लीस झाली तेव्हा सेटही बैलगाडीतून तिकडे गेला. बंगल्यात वीज नव्हती. मोटारीच्या बॅटरीवर एक लहान जनित्र फिरवून ते दाब चढवीत. आम्ही आठ वर्षांचे असताना उन्हाळ्याच्या सुटीत तेथे राहिलो. कंदिलाच्या उजेडात काका खटका चालवीत आणि आम्ही शेजारी बसून डॉट-डॅश मोजीत असू. मोर्सची लिपी आम्ही मोडीआधी शिकलो, असे वडील गमतीने म्हणत.

त्या यंत्रात एक खोड होती. खटका दाबला की पहिल्या क्षणी विजेचा दाब किंचित खचे, त्याबरोबर स्वरही सरके आणि प्रत्येक ठोका शिटीऐवजी ‘टिव्’ असा उमटे. हौशी मंडळींत त्यावरून काकांचे नाव ‘चांद्याची टिटवी’ पडले. नागपूर-हैदराबादकडचे लोक नाव विचारण्यापूर्वीच आवाजावरून त्यांना ओळखीत. काका वरवर रागावत. आतून त्यांना ते आवडे.

याच टिटवीने त्यांना एक बातमी आणली होती. १९६८ च्या श्रावणात काकू बाळंतपणासाठी नागपुरास माहेरी होत्या. पावसाने वाटा तुटल्या. टपाल दहा-अकरा दिवस आले नाही. एके सकाळी नागपूरच्या एका हौशी मित्राने हाक दिली आणि सांगितले, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. काका त्या दिवशी कचेरीत गेले नाहीत, व्हरांड्यात बसून राहिले, असे त्यांच्या हाताखालचे लोक पुढे सांगत. त्या मुलीची मुलगी म्हणजे ही नात. ती चंद्रपुरातच आजोळी राहते, तंत्रनिकेतनात शिकविते, आणि मोर्सची परीक्षा देऊन तिने स्वतःचा परवाना मिळविला आहे.

परवान्याची गोष्ट येथे सांगणे जरूर आहे, कारण सर्व तिढा तेथेच होता. बिनतारीचा परवाना माणसाचा असतो, यंत्राचा नसतो. काकांनी आपला परवाना कित्येक वर्षांपूर्वी संपू दिला होता. म्हणजे सेट काकांचा, घर काकांचे. पण हवेत शब्द सोडावयाचा तो नातीने, आपल्या नावाने. सोवळ्यातल्या स्वयंपाकाला ओवळ्याने शिवू नये, तितक्या कडकपणे काका हा नियम पाळीत. सेट चालू असताना ते खटक्यापासून हातभर दूर बसत. त्यांचे कानही आता गेले आहेत. तथापि ध्वनिवर्धकाच्या कागदी पडद्यावर बोटांची टोके ठेवून ते मोर्स वाचतात, आणि आमच्या कानांपेक्षा बिनचूक वाचतात.

माळ्यावरून सेट खाली आला तेव्हा त्याची दशा पाहवेना. लोखंडी पत्र्याला गंज चढला होता. तारांचे सुती वेष्टन उंदरांनी कुरतडले होते. मुख्य कॉइलच्या वेढ्यांत कुंभारणीने मातीची तीन घरटी बांधली होती. ती फोडताना आत वाळलेल्या अळ्या निघाल्या. मेण भरलेले कागदी कंडेन्सर पाझरून काळे पडले होते. एवढ्यातही ८०७ हा मोठा व्हॉल्व्ह, डोक्यावर धातूची टोपी घातलेला, कापडात गुंडाळून ठेवल्यामुळे धड होता. काकांनी तो दिव्याकडे धरून पाहिला, आतली तार शाबूत दिसली, आणि देवघरातल्या बाळकृष्णाला ठेवावे तसा गादीवर ठेवला.

आमची पहिली इच्छा झाली ती बटण दाबून पाहण्याची. नातीने हात धरला. पुष्कळ जुनी यंत्रे याच उतावळेपणाने मरतात. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कंडेन्सरांतील रसायन वाळलेले असते; त्यांवर एकदम पूर्ण दाब आला की ते फुटतात आणि जाताना ट्रान्सफॉर्मरही जाळून नेतात. शिवाय ८०७ च्या टोपीवर सहाशे व्होल्टचा दाब येतो. यंत्र बंद केल्यावरही तो कंडेन्सरांत दबा धरून असतो. म्हणून नातीने प्रथम बांबूच्या काठीला जाड तार बांधली, तिचे एक टोक भूतारेला जोडले आणि नियम घातला : काठीने स्पर्श करून वीज जमिनीत घालविल्यावाचून कोणी आत बोट घालावयाचे नाही, आणि घालणाराने दुसरा हात पाठीमागे ठेवावयाचा. भूतारेसाठी तांब्याचा पत्रा तुळशीवृंदावनामागे कोळसा व मीठ घालून पुरला. काकूंनी जागा दाखविली, कारण तेथे रोजचे पाणी पडते आणि माती कधी कोरडी होत नाही.

मग क्रमाने काम सुरू झाले. प्रथम सर्व तारा एका कागदावर उतरविल्या. मूळ नकाशा काकांच्या डोक्यात होता, तो त्यांनी दोन रात्रींत पेन्सिलीने काढून दिला. कुजलेल्या तारा एकेक करून बदलल्या. एकाच वेळी सर्व उपटल्या तर चूक कोठे झाली हे कळत नाही, म्हणून एक काढावयाची आणि तिच्या जागी दुसरी डागून मगच पुढे जावयाचे. जुन्या कागदी कंडेन्सरांच्या नळकांड्या आम्ही फेकल्या नाहीत. गरम करून आतले मेण काढले आणि त्यांच्या पोटात आजचे नखाएवढे कंडेन्सर बसवून तोंडे पुन्हा मेणाने बंद केली. बाहेरून सेट जसाच्या तसा, आतून निरोगी. कॉइलची काळवंडलेली तांब्याची तार चिंच लावून घासली आणि लगेच धुऊन, पुसून, उन्हात वाळविली. हे काम काकूंनी आपण होऊन अंगावर घेतले, “देवाची भांडी घासते तेथे ही एक” म्हणत.

खटक्याच्या बाबतीत मात्र नातीने आजोबांचे ऐकले नाही. जुन्या जोडणीत खटका सरळ ८०७ च्या मार्गात होता. त्यामुळे तो वर असताना त्याच्या पितळी दांडीवर झोंबणारा दाब येई. काकांना तरुणपणी त्याचे दोनतीन झटके बसले होते आणि ते त्यांना शौर्यपदकासारखे वाटत. नातीने मध्ये एक रिले घातला, म्हणजे खटक्यावर केवळ बारा व्होल्ट राहिले. काकांनी तोंड वाकडे केले, पण ते गप्प बसले.

दहाव्या दिवशी वीज दिली, तीही थेट नव्हे. सेटच्या आधी साठ वॉटचा साधा दिवा एकसर जोडला, म्हणजे आत कोठे जोड चिकटला असेल तर दिवा उजळेल आणि यंत्र वाचेल. डिमरस्टॅटची मूठ नात अर्ध्या अर्ध्या तासाने थोडी वळवी. सायंकाळी व्हॉल्व्हांच्या तारा लाल झाल्या आणि तापलेल्या बेकेलाइटचा तो वास माजघरभर पसरला. आम्ही डोळे मिटले. क्षणभर अल्लापल्लीचा बंगला, कंदील आणि पंखा हलविणारी काकू समोर दिसली.

एरियलच्या जागी प्रथम चाळीस वॉटचा दिवा लावला. हे यंत्र तपासण्याचे जुने आणि निरुपद्रवी साधन आहे. शक्ती हवेत न जाता दिव्यात जिरते. नातीने खटका दाबला. घरातल्या विजेच्या तारेशी काही संबंध नसलेला तो दिवा पिवळा उजळला, सोडला तसा विझला. शेजारची मुले दाराशी जमली होती, त्यांनी टाळ्या वाजविल्या. काकांची बोटे मात्र ग्राहकयंत्राच्या पडद्यावर होती. ते हसून म्हणाले, “टिटवी आहे अजून.”

खरा वाद येथे झाला. नात म्हणाली, “आजोबा, ही टिव्-टिव् मी काढणार. एक व्हॉल्व्ह जास्तीचा बसवला की दाब खचणार नाही.” काकांनी मान हलविली. “ती खोड नाही, ओळख आहे. त्या आवाजावर मला सबंध रानात ओळखत.” नातीचे म्हणणे असे की स्वर स्थिर ठेवणे हा नियम आहे, परवाना तिच्या नावाचा आहे, आणि जो दोष आपल्याला दिसतो तो जाणूनबुजून हवेत सोडणे बरे नव्हे. आम्ही मधे पडावे अशी दोघांचीही अपेक्षा होती. आम्ही पडलो नाही. संयुक्त कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे शहाणपण असते. रात्री जेवताना कोणी फारसे बोलले नाही. सकाळी उठून पाहतो तो काका स्वतःच जुन्या डब्यातून एक काचेचा व्हॉल्व्ह शोधून नातीच्या टेबलावर ठेवीत होते. तो दाब दीडशे व्होल्टांवर धरून ठेवणारा होता. चालू झाला की त्यात जांभळा उजेड पडतो. “पन्नास वर्षांपूर्वी आणला होता,” ते म्हणाले, “बसवायचे मनात आले नाही.”

पुढचे चार दिवस दुपारी दोघे सरावाच्या बझरवर बसत. बझरचा आवाज टेबलापलीकडे जात नाही, म्हणून त्यास परवाना लागत नाही. काकांच्या हाताची एक लकब होती. शब्दातला शेवटचा डॅश ते अंमळ लांबवीत, निघालेला पाहुणा उंबऱ्याशी रेंगाळावा तसा. नात हळूहळू ती उचलीत होती. तिला स्वतःला ते जाणवले होते की नाही, कोण जाणे.

आम्ही अल्लापल्लीस निघालो ते एक लहान ग्राहकयंत्र आणि तारेचे एक वेटोळे घेऊन. वाट बल्लारपुरावरून जाते. चंद्रपूरच्या आधी गोंडांची राजधानी येथे होती. वर्धेच्या काठी तिचा किल्ला अजून दिसतो. येथील सागाच्या आगारातून २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी लाकूड गेले. पुढे कोठारी, गोंडपिपरी; दोन्ही बाजूंस कापणी झालेली धानाची शेते आणि मधून मधून रान. आष्टीस वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. काकांच्या नोकरीच्या काळात हे सर्व एकच होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून तोडून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. डिसेंबरातील वैनगंगा शांत होती, पात्रात वाळूची बेटे उघडी पडली होती. हीच नदी श्रावणात काय करू शकते हे आम्हाला ऐकून ठाऊक होते.

अल्लापल्लीच्या आधी साग दाट होतो. सरळ, उंच, खालून निष्पर्ण बुंधे. वर पानांचे छत. गावात वाटा फुटतात. एक सिरोंच्याकडे, जेथे प्राणहिता गोदावरीस मिळते. दुसरी पूर्वेस भामरागडकडे. त्या दुसऱ्या वाटेवर हेमलकसा आहे. तेथे २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी लोक बिरादरी प्रकल्प आरंभिला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आयुष्य घातले. भामरागडास इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेचा जुना ठेंगणा पूल पाण्याखाली जाई आणि पलीकडची गावे दिवसचे दिवस तुटून पडत. अशा मुलखात तारेवाचून जाणारा शब्द ही चैन वाटत नाही. लातूरचा १९९३ चा भूकंप, भूजचा २००१ चा, आणि २००४ ची त्सुनामी, या तिन्ही संकटांत दूरध्वनी मुके झाले असता हौशी मंडळींची यंत्रे बोलत होती.

आमचा मुक्काम एका परिचितांकडे होता. तेथे आम्हाला भेटण्यास एक माडिया गृहस्थ आले. काकांच्या हाताखाली ते ऐन तारुण्यात वनमजूर होते. आता सत्तरी उलटली आहे. त्यांनी पहिला प्रश्न केला, “साहेबांची पेटी अजून बोलते?” मग त्यांनीच आठवण दिली, की काकांचे एरियल झाडावर चढविण्यासाठी त्यांनी बाणाला सुतळी बांधून तो सागाच्या फांदीवरून सोडला होता. आमची तार चढविताना त्यांचा नातू दगडाला दोरी बांधून फेकीत होता. दगड दरवेळी पानांत अडके. म्हातारबांनी घरून धनुष्य मागविले. पहिला बाण चुकला. दुसरा फांदीवरून नेमका पलीकडे उतरला आणि त्यामागून सुतळी, सुतळीमागून आमची तार वर गेली.

वेळ आम्ही पहाटे साडेचारची ठरविली होती. लहानपणी ऐकलेले होते, की पहाटेचा पट्टा सर्वांत सुंदर. ग्राहकयंत्र लावले आणि प्रथम आम्ही थक्क झालो ते शांततेने. चंद्रपुरात दिवे, इन्व्हर्टर, विजेच्या तारा यांची सततची खरखर असते. येथे त्यातले जवळजवळ काही नव्हते. त्या शांततेत दूरदेशींची केंद्रे बारीक स्वरात बोलत होती. पण ७,०५० वर काही नाही. पाच वाजले, साडेपाच वाजले. चंद्रपूर सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आसपास. हजारो मैलांवरचे ऐकू येत होते आणि घरचे येत नव्हते. मनात भलते विचार येऊ लागले. शेवटी आम्ही मोबाइल उचलला. नात म्हणाली, “दीड तास पाठविते आहे, मामा. ८०७ हात लावू देत नाही इतका तापला आहे.” मग आत काकांचे हसणे ऐकू आले. तिने त्यांचा निरोप सांगितला : “त्याला म्हणावे, पहाट दूरच्यांसाठी. जवळच्यांसाठी दहा वाजता बस.”

आमची आम्हालाच लाज वाटली. हे तर काकांनी व्हरांड्यात शिकविलेले! एवढ्या अंतरावर ही लहर जमिनीवरून जात नाही. सागाचे रान तिला गिळते. ती जाते सरळ वर, सुमारे तीनशे किलोमीटर उंच, जेथे सूर्याच्या तेजाने हवेचे कण विद्युत्भारित झालेले असतात, आणि तेथून परतून खाली येते. रात्रभरात तो थर विरळ होतो. मग तिरपी येणारी लहर तेवढी परततो, म्हणून दूरचे ऐकू येते; उभी गेलेली लहर त्यातून निसटून जाते. सूर्य वर आला की थर पुन्हा दाटतो. काकांनी चंद्रपुरातले एरियल जाणूनबुजून दोन पुरुष उंचीवरच बांधावयास लावले होते, म्हणजे त्याचा रोख आभाळाकडे राहील. वीस मीटर तीस सेंटिमीटर तार, मधोमध तोडलेली, अंगणातून मागच्या भिंतीपर्यंत.

दहा वाजता आम्ही पुन्हा बसलो. म्हातारबा शेजारी बसले होते, त्यांचा नातू दाराशी उभा. दहा वाजून तीन मिनिटांनी स्वर उमटला. सीक्यू, सीक्यू, सर्वांना हाक. मागून नातीची खूण. स्वर स्वच्छ होता, घंटेसारखा, एका जागी उभा. टिटवीचा मागमूस नव्हता. म्हातारबांनी ऐकले आणि शंकेने आमच्याकडे पाहिले. “ही साहेबांची नाही,” ते म्हणाले. आम्हालाही क्षणभर तसेच वाटले. इतक्यात हाक संपत आली, आणि शेवटच्या अक्षरातला शेवटचा डॅश अंमळ लांबला. उंबऱ्याशी रेंगाळला.

आम्ही दूरध्वनी लावला. नातीने विचारले, “आजोबा विचारतात, ओळखले का?” आम्ही म्हणालो, “त्यांना सांग, आवाज नवा आहे, पण हात त्यांचाच आहे.” पलीकडे ती गप्प झाली. हे वाक्य आपल्या तोंडाने आपल्याच हाताविषयी सांगावयाचे, म्हणून असेल. थोड्या वेळाने ती ते मोठ्याने, काकांच्या कानाशी, म्हणाल्याचे ऐकू आले. मग बराच वेळ काहीच नाही. आम्ही दूरध्वनी ठेवणार, तोच त्यातून सरावाच्या बझरचा आवाज आला. त्यास परवाना लागत नाही, हे काका विसरले नव्हते. दोन लांब, तीन तोकडे. तीन तोकडे, दोन लांब. सात आणि तीन. हौशी मंडळी निरोप घेताना हाच आकडा पाठवितात; त्याचा अर्थ, शुभेच्छा. शेवटचा डॅश एवढा लांबला की आम्ही तो संपण्याची वाट पाहत राहिलो.

वाडा माघात विकला गेला. नव्या जागेत एरियल बांधण्यास अंगण नाही. पण इमारतीच्या गच्चीची परवानगी मिळविण्याच्या खटपटीत नात आहे. भंगारवाला पुन्हा आला होता. काकूंनी त्याला दारातूनच सांगितले, की घरातले बोलते माणूस आम्ही विकत नाही.